फरची पाच झाडं आणि सालमीची थंडी

कुवेतमध्ये आम्ही जानेवारीत गेलो आणि फेब्रुवारी संपायच्या आत परत आलो. तिथले मनोरे, समुद्रकाठचा रस्ता, मासळीबाजार, सोन्याची दुकानं हे सगळं पाहिलं. त्याची वर्णनं पुष्कळांनी लिहिली आहेत आणि माझ्यापेक्षा बरी लिहिली आहेत. मी लिहितो आहे ते रुमैथियामधल्या एका घरच्या पाच झाडांबद्दल. आमचा निम्मा मुक्काम त्यांच्यापायी गेला, आणि कुवेतला जाऊन आलेल्या दुसऱ्या कुणी ती पाहिली असतील असं वाटत नाही.

सबाह अल-सालेम

आमची मुलगी मंजिरी आणि जावई सबाह अल-सालेम भागात राहतात. आखात म्हणजे उकाडा, या समजुतीने मी चार सुती सदरे आणि एक पंचा एवढंच घेऊन गेलो होतो. पहिल्या सकाळी गॅलरीत गेलो तर दात वाजायला लागले. मी राजापूरला पाटबंधारे खात्यात आहे. रोज सकाळी धरणावरचा पर्जन्यमापक आणि तापमापक वाचायचा, हे माझं वीस वर्षांचं काम. त्यामुळे आकड्याशिवाय थंडी मला पटत नाही. जवळच्या दुकानातून कमाल-किमान दाखवणारा तापमापक आणला आणि गॅलरीत टांगला. दुसऱ्या दिवशी किमान आकडा नऊ. आमच्याकडे पारा सोळावर आला की लोक शेकोटी पेटवतात. मी जावयाचा स्वेटर घातला तो परतीच्या विमानात बसेपर्यंत उतरवला नाही.

खाण्याची आबाळ झाली नाही. तिथे पापलेटाला झुबैदी म्हणतात. सुमनने, म्हणजे माझ्या बायकोने, ते बाजारात बोटाने दाबून पाहिलं आणि "ताजं आहे, पण चव आपल्याकडची नाही" असा निकाल तळायच्या आधीच दिला. भट्टीतली गरम रोटी, तिला खुबूस म्हणतात, घ्यायला संध्याकाळी रांग लागते. लोक ती गाडीच्या बॉनेटवर पसरून निववतात आणि मग वर्तमानपत्रासारखी घडी घालून नेतात. आमच्याकडे भाकरी अशी उघड्यावर मिरवली तर घरची म्हातारी माणसं बोलतील.

आठ वर्षांची नात इरा मराठीत विचारलेल्या प्रश्नाला इंग्रजीत उत्तर देते. सुमनला आधी याचा राग आला, मग तिने युक्ती काढली. मराठीत मागितल्याशिवाय नारळाची वडी द्यायची नाही. चार दिवसांत इराचं "आजी, अजून एक" अगदी स्वच्छ झालं. बाकी भाषा होती तशीच राहिली.

रुमैथिया

सुमनचा धाकटा भाऊ सुधाकर बारा वर्षं कुवेतमध्ये आहे. आला तेव्हा हवल्ली भागात एका खोलीत सहा जणांबरोबर राहायचा आणि बांधकामावर जायचा. आता सहा वर्षं तो रुमैथियामधल्या एका वयस्कर कुवेती गृहस्थांच्या घरी माळी आहे. राहायची खोली तिथेच, मागच्या बाजूला. घरची नोकरमाणसं मालकाला 'बाबा' म्हणतात, तशी तिथली पद्धतच आहे, म्हणून मीही इथे बाबाच लिहितो. बाबा सत्तरीच्या पुढचे. त्यांच्या तरुणपणी कुवेतचा व्यापार मुंबईशी चालायचा, त्यामुळे त्यांना मोडकी का होईना, हिंदी येते.

आम्ही भेटायला गेलो तेव्हा सुधाकरने आधी बाग दाखवली. दोन खजूर, बोगनवेल, एक बोराचं झाड. मग तो म्हणाला, "भावजी, खरं काम आत आहे. चला."

दिवाणखान्याला लागून एक काचेची खोली होती. तीत पाच मोठ्या कुंड्या आणि पाच झाडं. सगळ्यात उंच झाड माझ्या खांद्याएवढं. मधे सरळ खोड, त्याला मजल्यामजल्याने फुटलेल्या आडव्या फांद्या, वर निमुळता शेंडा.

"आजोबा, इट्स जस्ट अ ख्रिसमस ट्री," इरा म्हणाली आणि फोनकडे वळली.

तिचं तसं चुकलं नव्हतं. ही फरची झाडं. थंड आणि ओलसर डोंगरांवर, जिथे ढग झाडांतून फिरतात, तिथली. मूळ जागी ती दीडशे फुटांच्या वर जातात. पानं सुईसारखी म्हणतात, पण बोटात धरली तर चपटी लागतात, टोकाला बोथट, आणि पालथी केली की मागे दोन पांढऱ्या रेघा. पान ओढून काढलं तर डहाळीवर नीट गोल ठसा राहतो. चुरडल्यावर लिंबाची साल आणि टर्पेंटाइन यांच्या मधला वास येतो. आपल्या हिमालयातही यांची भावंडं आहेत. तालीसादि चूर्णातलं तालीसपत्र म्हणजे तिकडच्या फरचीच पानं, हे मला नंतर वाचून कळलं. म्हणजे खोकल्याच्या निमित्ताने हे झाड आमच्या घरात चाळीस वर्षं येत होतं आणि मी त्याला ओळखत नव्हतो.

बाबा पूर्वी दर उन्हाळ्यात युरोपातल्या एका डोंगराळ गावी जाऊन राहायचे. तिथल्या जंगलातली ही झाडं त्यांना आवडायची. हृदयाचं दुखणं सुरू झालं आणि विमानप्रवास बंद झाला, तेव्हा त्यांनी रोपवाटिकेमार्फत पाच रोपं मागवली. आम्ही बघत होतो तेवढ्यात ते काठी टेकत आत आले, माझ्याशी हात मिळवला आणि सरळ झाडांवरच बोलू लागले.

"उधर इसका फल ऊपर खड़ा होता है, शमा का माफिक," ते म्हणाले. शमा म्हणजे मेणबत्ती. "नीचे नहीं गिरता. ऊपर ही टूट जाता है. और गर्मी आने का पहले नया पत्ता आता है. इतना हरा. इधर आया पहला साल एक बार आया. फिर दो साल, कुछ नहीं. खलास."

मग सुधाकरकडे वळून, आवाज न चढवता, "ये साल आखरी. मालूम?"

"मालूम, बाबा."

ते गेल्यावर सुधाकरने आम्हाला सांगितलं. उन्हाळा लागायच्या आत नवे शेंडे फुटले नाहीत, तर बाबा झाडं काढून टाकणार आणि मागच्या बागेतही लाद्या घालणार. उरलेल्या खजुरांना बागकाम कंपनीचा माणूस आठवड्यातून एकदा पाणी घालेल. सुधाकरचा इकामा, म्हणजे राहण्याचा परवाना, मे महिन्यात संपतो. बाग नसेल तर तो पुन्हा काढायचं कारण नाही. आणि त्याची मुलगी कोल्हापूरला नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे.

"पन्नाशीला आलेल्या माळ्याला नवीन घर कोण देणार, ताई?" तो बहिणीला म्हणाला.

मी एका फांदीची साल नखाने खरवडली. कलम जगलंय की नाही हे आम्ही असंच बघतो. आत हिरवी होती. झाड जिवंत होतं. टोकाला तपकिरी डोळे होते, हरभऱ्यापेक्षा लहान, राळेने बंद केलेले. फक्त फुटत नव्हते.

"खत काय देतोस?"

"सगळं देऊन झालं भावजी. आणि सांभाळतो किती बघा ना. उन्हाळ्यात एसी तेवीसवर. थंडीत दिवाणखान्याचा हीटर चालतो त्याची ऊब इथे येते, शिवाय रात्री वरून गोणपाट घालतो. एक थंड झुळूक लागू देत नाय."

हे तो अभिमानाने सांगत होता, आणि मलाही त्यात काही वावगं दिसलं नाही. उलट मी माझा तापमापक तिथे ठेवला, म्हटलं चार दिवस बघू.

हवल्ली

शुक्रवारी इक्बालभाईंकडे जेवायचं बोलावणं होतं. इक्बालभाई दाभोळचे, सुधाकरचे हवल्लीतल्या खोलीपासूनचे मित्र. त्यांची स्वतःची हाफ लॉरी आहे, म्हणजे मागे उघडा हौदा असलेली छोटी गाडी. भाजीबाजारातला माल दुकानांत पोचवतात. हवल्लीच्या जुन्या इमारतींमध्ये जिन्यात एका मजल्यावर मल्याळी फोडणी, दुसऱ्यावर मिसरी, म्हणजे इजिप्तच्या, लोकांचं तळलेलं वांगं, आणि इक्बालभाईंच्या मजल्यावर सुकी मिरची आणि नारळ. तांदळाची भाकरी त्यांनी स्वतः थापली होती. सुमन मदतीला उठली तर म्हणाले, "बसा वहिनी. माझी भाकरी फुगताना बघितली नाय तुम्ही अजून." भाकरी फुगली. सुमनने मान्य केलं.

मी तापमापक खिशात घालून आणला होता. चार दिवसांतला कमाल आकडा चोवीस, किमान बावीस. तो मी सुधाकरला दाखवला.

"बघा," तो इक्बालभाईंना म्हणाला. "बाराही महिने एकच हवा. एवढ्या निगुतीने कोण ठेवील?"

जेवण चालू असतानाच गावाहून माझ्या वहिनीचा फोन आला. सुमनने तो सगळ्यांना ऐकू येईल असा लावला. वहिनी सांगत होती की यंदा थंडी चांगली पडली आणि आंब्याची कलमं मोहोरानं भरलीत. गेल्या साली थंडीच नव्हती, तर नुसती पालवी आली होती, मोहोराचा पत्ता नव्हता.

फोन ठेवून सुमन भाकरी मोडत म्हणाली, "आणि तू रे, त्या बिचाऱ्यांना गोणपाटात गुंडाळून ठेवलंयस."

"ताई, आंब्याची थंडी वेगळी. इथली थंडी झाड मारते. पहिल्या साली सहा पपया गेल्या माझ्या एका रात्रीत. बाबा आठ दिवस बोलला नाय माझ्याशी. तेव्हापासून मी काय बाहेर ठेवत नाय."

"अरे माळीबुवा," इक्बालभाई म्हणाले, "पपई आणि हे सारखं काय? ते बर्फातलं झाड. ख्रिसमसच्या कार्डावर बघितलं नायस कधी? त्याच्यावर पांढरं काय असतं, मीठ?"

सुधाकर हसला नाही. त्याने हातातला घास ताटात ठेवला. मला माझ्या हातातला आकडा आता वेगळा दिसायला लागला होता. बावीस ते चोवीस. दोन वर्षं त्या झाडांना हिवाळा आलाच नव्हता; पहिल्या साली फुटली ती तिकडून घेऊन आलेल्या थंडीवर. आम्ही कोकणातली माणसं. पाणी, ऊन, वारा झाडाला लागतो हे कळतं, आंब्याला थोडी थंडी लागते हेही कळतं. पण थंडी पडली की रोप झाका, हे हातात इतकं मुरलेलं की रोप कुठलं हे कुणी विचारलंच नाही. मीसुद्धा त्या खोलीत उभा राहून खताची चौकशी करत होतो.

आंब्याचा हिशोब फरला तसाच्या तसा लागू होईल असं नाही, हे मी बोलून दाखवलं. मग बरोबर आलेल्या जावयाच्या फोनवर शोधून वाचलं. डोळा फुटण्याआधी या झाडांना कित्येक आठवड्यांची थंडी लागते, असं तिथे होतं. पारा शून्य ते सात-आठच्या आसपास राहिला तर उत्तम.

"शहरात नऊ-दहाच्या खाली जात नाही," मी म्हटलं. "आणि तेही पहाटे थोडा वेळ."

"थंडी पायजे ना?" इक्बालभाई म्हणाले. "मग वाळवंटात न्या. तिकडे पहाटे बाटलीतलं पाणी गोठतं म्हणतात."

दिवाणिया

कुवेती घरात पुरुषांची बैठक असते, तिला दिवाणिया म्हणतात. भिंतीला लागून गाद्या, मधली जागा मोकळी. संध्याकाळी ओळखीचे लोक न बोलावता येतात, चहा पितात, जातात. आपल्या पडवीसारखंच. फरक एवढाच की आपल्या पडवीतल्या माणसाला घरची बाई आतून ओरडून काम सांगू शकते.

थंडीच्या दिवसांत कुवेती कुटुंबं वाळवंटात तंबू ठोकतात. नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत सुट्टीला तिकडेच जायचं. बाबांच्या मुलाचे तंबू सालमीच्या, म्हणजे पश्चिमेच्या सरहद्दीकडे जाणाऱ्या, रस्त्याला होते. बाबा स्वतः दुखण्यामुळे दोन वर्षं गेले नव्हते. झाडं तिकडे न्यायची परवानगी मागायला सुधाकर, मी आणि इक्बालभाई दिवाणियात गेलो. बाबांचे एक समवयस्क स्नेही बसले होते.

सुधाकर उभ्यानेच बोलला. इतका वेळ मनात जुळवलेली वाक्यं त्याने भराभर सांगून टाकली. झाड ठंडी का है, मैं गरम में रखा, मेरा गलती, बाहर लेके जाएगा.

बाबांचे स्नेही खो खो हसले. "खुद जाता नहीं, शजर को भेजता है तंबू में." शजर म्हणजे झाड.

बाबा हसले नाहीत. माझ्याकडे बघून त्यांनी विचारलं, "तुम क्या बोलता? जिएगा?"

मी म्हटलं, खात्री नाही. थंडी मिळेल, पण तिकडची हवा कोरडी आहे आणि यांना ओल लागते. कुंड्या ओल्या गोणपाटात ठेवल्या, पानांवर पाणी फवारलं आणि वाऱ्याला आडोसा केला, तर काही जगतील. नाही नेली तर जगतील बहुतेक सगळी, पण फुटणार नाहीत.

"और मर गया तो?" हे त्यांनी सुधाकरला विचारलं.

"मर गया तो मैं घर जाएगा, बाबा."

बाबांनी बराच वेळ काठीची मूठ चोळली. "ऐसे भी जाएगा," ते शेवटी म्हणाले. ते रागाने नव्हतं, जे खरं होतं तेवढंच सांगणं होतं. "ले जाओ. तू उधर ही रहना, शजर का साथ."

सुधाकरला थंडी अजिबात सोसत नाही. बाहेर आल्यावर त्याचं पहिलं वाक्य होतं, "ताईला सांगू नका, नाहीतर ती हसेल." सुमन हसलीच.

सालमी

हाफ लॉरीच्या हौद्यात पाच झाडं उभी बांधली, बुंध्यांना ओली पोती. समुद्र मागे टाकून आम्ही पश्चिमेला निघालो. शेजारून जाणाऱ्या गाड्यांतले लोक काच खाली करून फोटो काढत होते. एका ट्रकवाल्या पठाणाने सिग्नलला विचारलं, "शादी है?" इक्बालभाई म्हणाले, "हां, पाँच दुल्हन है, दूल्हा ये बैठा है," आणि सुधाकरकडे बोट दाखवलं.

कुवेत सपाट आहे. सालमीच्या वाटेवर जमीन किती चढते ते डोळ्यांना कळतही नाही, पण हवा बदलते. डावी-उजवीकडे पांढऱ्या तंबूंच्या रांगा, मधे विजेची जनित्रं, पाण्याच्या टाक्या. बाबांच्या मुलाचा तंबू हमरस्त्यापासून आत होता आणि तिथे आमची गाडी वाळूत रुतली. इक्बालभाईंनी खाली उतरून चारही चाकांतली थोडी हवा सोडली. मला हे उलटंच वाटलं. आमच्याकडे चिखलात रुतलेल्या गाडीखाली दगड घालतात. पण चाक पसरट झालं आणि गाडी वर आली. एक-एक कुंडी दोघांनी उचलून टाकीच्या उत्तरेला, कापडी आडोशामागे लावली. बाबांच्या मुलाने लांबून बघितलं, खांदे उडवले आणि आमच्यासाठी जेवण पाठवलं. मोठ्या ताटात मसाल्याचा भात, वर मटण, बरोबर टोमॅटोची तिखट चटणी. भात आमच्या बिर्याणीपेक्षा सौम्य, पण त्यात घातलेल्या सुक्या लिंबाचा आंबटपणा मला आवडला.

आम्ही रात्री तिथेच राहिलो. सकाळी उजाडताना बाहेर आलो तर काहीच दिसेना. धुकं होतं. वाळवंटात धुकं पडतं हे मला माहीत नव्हतं. समुद्राकडून येतं म्हणाले. तापमापक चाचपडत शोधला. किमान दोन.

झाडं आडोशामागे उभी होती. प्रत्येक पानाच्या टोकाला थेंब. फवारा मारायची गरजच नव्हती. मी एका फांदीखाली हात धरला तर वाळूवर टपटप पाणी पडत होतं. फरच्या जंगलात म्हणे असंच असतं, पाऊस नसतानाही झाडाखाली पाऊस पडतो. मागे तंबू दिसत नव्हते, पुढे रस्ता नव्हता, नुसता पांढरा पडदा आणि त्यात पाच काळपट हिरवे आकार. कुवेतमधलं मला आठवत राहिलेलं दृश्य हेच.

सुधाकर माकडटोपी घालून, दोन घोंगड्या पांघरून तंबूच्या दारात आला. "भावजी, किती?"

"दोन."

"देवा," तो म्हणाला आणि आत गेला. मग लगेच परत आला, कारण धुक्यातून फुर्रर्र असा आवाज आला होता. आवाजामागून एक लांब मान आली. उंटाने सगळ्यात उंच झाडाजवळ तोंड नेलं, जरा हुंगलं आणि शेंडा खाऊन टाकला. आम्ही दोघे नुसते बघत उभे. सुधाकर घोंगड्या टाकून बादली वाजवत धावला तेव्हा उंटाने मान वळवली, शांतपणे चावत चावत. चव त्याला पसंत नसावी, दुसऱ्या झाडाकडे तो गेला नाही.

उंटामागून त्याचा राखणदार आला, एक सुदानी माणूस. त्याला काय झालं ते समजलं तेव्हा त्याने डोक्याला हात लावला आणि थोड्या वेळाने एका भांड्यात उंटिणीचं ताजं दूध आणून दिलं. खारट, पातळ, वर फेस. मी पूर्ण प्यालो. सुधाकरने भांडं हातात घेतलं पण तोंडाला लावलं नाही. तो तुटलेल्या शेंड्याकडे बघत होता.

"मधला शेंडा गेला की झाड वर कसं जाणार, भावजी?"

"आंब्याचा मधला शेंडा आपण मुद्दाम छाटतो," मी म्हटलं.

"हा आंबा नाय. दोन साल मी आंब्यासारखंच सांभाळलं, म्हणून तर हे झालं."

इक्बालभाईंनी चहा केला, आम्ही तो प्यालो, आणि सुधाकरला झाडांबरोबर ठेवून शहरात परतलो. तो तिथे जवळपास सहा आठवडे राहिला. रोज सकाळी मला फोन करून किमान आकडा सांगायचा. तीन. पाच. एकदा शून्य, तेव्हा त्याच्या आवाजात मला थोडा आनंद ऐकू आला. मधे जोराचा कोरडा वारा सुटला तेव्हा त्याने तंबूतली सतरंजी काढून आडोशाला लावली आणि स्वतः गोणपाटावर झोपला. आम्ही विमानात बसलो तेव्हा झाडं सालमीलाच होती. डोळे बंद होते. तुटलेल्या शेंड्याच्या जागी राळेचा गोळा जमला होता.

राजापूर

एप्रिलमध्ये आमची आंबा काढणी चालू होती. पडवीत पेंढा, पेट्या आणि मोजलेली फळं. सुमन पेटी भरत होती आणि मी बाजूला बसून वजन करत होतो. सुधाकरचा व्हिडिओ कॉल आला. त्याने नुसता फोन फिरवला.

काचेची खोली. पहिल्या झाडाच्या सगळ्या फांद्यांच्या टोकांना पोपटी कुंचले. इतका कोवळा रंग की खालचं जुनं पान त्यापुढे काळं दिसत होतं. काही टोकांवर अजून तपकिरी टोपी अडकलेली होती. दुसरं झाड तसंच. तिसरंही. चौथ्याला शोधून शोधून एकच शेंडा सापडला. पाचव्याला, उंटाच्या झाडाला, वर काही नव्हतं. पण तुटल्या जागेच्या खाली दोन बाजूंनी फूट होती, त्यातली एक किंचित वर वळलेली.

"बाबा सकाळपासून इथेच आहे," सुधाकर हळू आवाजात म्हणाला. "दिवाणियातल्या सगळ्यांना आणून दाखवलं. खुर्ची मागवली."

फोन हलला आणि बाबा दिसले. त्यांनी एक कोवळा शेंडा तोडला आणि तोंडात टाकला. चावत त्यांनी मान हलवली. दुसरा तोडून सुधाकरला दिला. त्यानेही खाल्ला.

"कसं लागतं रे?" सुमनने विचारलं.

"आंबट. कैरीसारखं नाय, पण आंबट."

"इकाम्याचं काय?"

"उद्या कागद भरायला नेणार आहेत. दोन वर्षांचा. पण एक अट आहे. नोव्हेंबर लागला की झाडं सालमीला न्यायची आणि मार्चला आणायची. तोवर माझा मुक्कामही तिकडेच, तंबूत. सबंध हिवाळा, ताई. तुला कल्पना नाय, हाडं गोठतात तिथे."

सुमनने हातातला आंबा पेंढ्यात नीट बसवला, देठ खाली करून. "झाडांनी सोसलं ना?" ती म्हणाली. "मग तू पण सोस."

मागून बाबांचा आवाज आला. "क्या बोलती?"

सुधाकरने फोन बाजूला धरला, तरी आम्हाला ऐकू आलं. "बोलती है, मैं जाएगा, बाबा."